नसलेल्या बोटाचा नेम

बाइंडिंगच्या कारखान्यात आत्याविषयी एक गोष्ट सांगतात. सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि ऐकणारा नकळत स्वतःची बोटं मुठीत घेतो. गोष्ट अशी की कटिंग मशीनखाली आत्याचं बोट गेलं, ते कुणाला सापडलंच नाही. ते कातरणात पडलं, कातरण पोत्यात गेलं, आणि त्याच कातरणाचा पुढे डार्टबोर्ड झाला. म्हणून आत्या डोळे मिटून डार्ट फेकते तरी तो मधल्या लाल ठिपक्यातच घुसतो. आत बसलेलं बोट त्याला बोलावतं म्हणे.

गोष्ट झकास आहे. फक्त खरी नाही.

बोट सापडलं होतं. फोरमननेच ते उचललं, स्वतःच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळलं आणि आत्याला गाडीत घालून दवाखान्यात नेताना वाटभर तो रुमाल छातीशी धरून बसला. डॉक्टरांनी रुमाल उघडला, मान हलवली, परत मिटला. जोडता येण्यातलं नव्हतं. आणि बोर्डाचं म्हणाल तर तो बोट तुटण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून जेवणाच्या खोलीत भिंतीवर होता. तो केलाही होता आत्यानेच, कारखान्यात नवी असताना. वह्यांच्या कडा कापून निघालेल्या लांब लांब पट्ट्या एकीवर एक घट्ट गुंडाळल्या, सरस लावला, भोवती पत्र्याची पट्टी आवळली. अगदी मध्ये गुंडाळलेली पट्टी लाल कडेच्या डायऱ्यांची, तोच लाल ठिपका. अशा बोर्डाची एक गंमत असते. डार्ट कागदाच्या थरांमध्ये शिरतो, आणि उपसला की थर पुन्हा जवळ येतात. भोक मिटतं. वर्षानुवर्षं मार खाल्लेला तो बोर्ड, पण अंगावर एक जखम दिसायची नाही.

खरी गोष्ट याहून साधी आहे. साधी असूनही ती कळल्यापासून पोपट आत्याच्या खोलीत जाताना आधी दार वाजवते. पोपट म्हणजे आत्याची भाची. दिसेल त्याची नक्कल करते म्हणून हे नाव. हे लिहिणारीही तीच आहे. एरवी तिने हे सगळं आवाज काढून, अंगविक्षेप करून सांगितलं असतं, पण सध्या तिच्या तोंडावर बंदी आहे. का, ते शेवटी येईलच. गोष्ट आत्याची आहे, तेव्हा पोपटने आपल्या जागी बसावं.

आत्या कटिंगवर होती. कागदांचा गठ्ठा मशीनवर सरळ लावायचा, पेडल दाबायचं, की वरचं रुंद पातं धाडकन खाली येतं आणि गठ्ठ्याची कड लोण्यासारखी कापून परत वर जातं. वर गेलं की थांबतं. पुन्हा पेडल दाबेपर्यंत ते खाली येता कामा नये. आत्याने कापलेल्या गठ्ठ्यावर तळहात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटायचं. कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारतच नसे. ‘कटिंगबाई’ म्हटलं की झालं.

एके दिवशी पातं खाली आलं, वर गेलं, आत्याने कातरणाची पट्टी बाजूला सारायला उजवा हात पुढे केला, आणि पातं पुन्हा आलं. पेडल दाबलेलं नव्हतं. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं.

हात बरा होऊन ती कामावर आली तेव्हा मालकांनी तिला फाटकापाशी खुर्ची दिली. येणारी-जाणारी पार्सलं बघायची. मालक म्हणजे शांत माणूस, शब्द असे सोडतो की जणू प्रत्येक शब्दाला भाडं पडतं.

“बाई,” मालक म्हणाले, “हात आहे. चुकतो माणसाचा.”

“माझा हात चुकला नाही, मालक. पातं दोनदा आलं.”

“मशीन तपासलं आपण. ठीक आहे मशीन.”

“मग मला परत उभं करा त्याच्यावर.”

“बघू.”

मालकांचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. कटिंगवर फोरमन स्वतः उभा राहू लागला. फोरमन मनाचा वाईट नव्हे, पण त्याचा कट असा तिरका जायचा की वही मिटली तरी उघडी वाटायची. वर प्रत्येक वाक्याला शेपूट, “काय म्हणतो मी?” आत्या फाटकापाशी बसून बाहेर पडणारे वाकडे गठ्ठे बघायची आणि प्रत्येकाची तिरकी कड डोळ्यांनीच मोजायची. खुर्चीचं तिला दुःख नव्हतं. ‘हात चुकला’ हे दोन शब्द तिला सलत होते. आयुष्यभर तिने एकच गोष्ट कमावली होती, हाताचा भरवसा. आणि तोच खोटा ठरवून तिला खुर्चीवर बसवलं होतं.

ती मालकांना विचारत राहिली. एकदा जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोरच, मालक वैतागले.

“हात चुकत नाही म्हणता ना? मग त्या बोर्डावर, लाल ठिपक्यात, तीन डार्ट मारून दाखवा. लागोपाठ. मग मशीन तुमचं.”

हसण्याचा नुसता स्फोट झाला. कारण त्या कारखान्यात लाल ठिपक्यात लागोपाठ दोनसुद्धा कधी कुणी मारले नव्हते. धड दहा बोटं असलेल्यांनीही नाही. फोरमन तर डोळे पुसेपर्यंत हसला. “बाईंना आधी डार्ट धरता येऊ दे! काय म्हणतो मी?”

आत्याने डबा बंद केला, उठली, भिंतीवरचा बोर्ड खिळ्यावरून काढून काखेत मारला.

“तुमच्या तोंडचा शब्द लक्षात ठेवा,” ती मालकांना म्हणाली, आणि बोर्ड घरी घेऊन आली.

बोर्ड आत्याच्या खोलीच्या दाराला आतून लागला. पोपटची आई, म्हणजे आत्याची वहिनी, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“अहो ताई, दाराला? आत येणाऱ्याची चाळणी व्हायची!”

“येणाऱ्याने ओरडून यावं, वहिनी.”

“माझ्याच घरात मी ओरडत फिरू?”

“एरवी कुजबुजत फिरता का?”

वहिनी हसली आणि प्रश्न मिटला. 

सुरुवातीला फार हाल झाले. अंगठा आणि मधलं बोट एवढ्यावर डार्ट पेलायचा, तर त्याचं शेपूट माशासारखं हलायचं. डार्ट कपाटाला लागला, पडद्यात अडकला, एकदा तर वळून आत्याच्याच चपलेत घुसला. पण आत्याचा स्वभाव कटिंगवाल्याचा. चुकलं की चिडायचं नाही, कुठे चुकलं ते मोजायचं. तिने फरशीच्या रेघेवर पाऊल ठेवायला सुरुवात केली, रोज त्याच रेघेवर. कोपर बिजागरीसारखं एका जागी, हलेल ते फक्त मनगटापासून कोपरापर्यंत. अंग पुढे झुकवायचं नाही. जोर लावायचा नाही. सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी चहानंतर, खिडकीतून उजेड येत असेपर्यंत. हळूहळू शेपूट हलायचं थांबलं, डार्ट सरळ जायला लागले. सगळे सरळ, आणि सगळे लाल ठिपक्याच्या खाली. नेमके खाली. जणू ठिपका दर वेळी जरासा वर सरकत होता.

“काय चुकतंय?” आत्या स्वतःशीच पुटपुटली.

पलंगावर पोपट लोळत होती आणि कारखान्यातल्या लोकांची डार्ट फेकण्याची नक्कल करत होती. सुट्टीत डबा पोचवायला जाऊन तिने सगळ्यांचे नमुने गोळा केले होते. फोरमन म्हणजे पोट आत, नाक वर, एक डोळा बारीक, फेक, “काय म्हणतो मी?” शिलाईवाली ताई फेकण्याआधी डार्टला फुंकर मारायची. चिकटवाला काका डार्ट सुटेपर्यंत जीभ बाहेर. एकामागून एक सगळे झाले, आणि पोपट मध्येच थांबली. सुरुवात प्रत्येकाची वेगळी होती, शेवट मात्र सगळ्यांचा सारखा. तिचा हात दर वेळी झटक्यात पोटाशी येत होता.

“आत्या, तुम्ही सगळे डार्ट टाकता आणि हात पळवता.”

“म्हणजे?”

“हे बघ.” पोपटने आत्याची नक्कल केली. डार्ट सुटायच्या आतच हात मागे. “तूही. सुटतानाच मागे ओढतेस, म्हणून डार्ट खाली बसतो.”

“मग, पातं येतं ना,” आत्या सहज म्हणाली.

आणि दोघींनी एकदमच आत्याच्या उजव्या हाताकडे बघितलं.

बाइंडिंगमधला प्रत्येक माणूस ही सवय अंगावर घेऊन हिंडतो. हात पुढे घालायचा आणि खेचायचा. घास घेताना, कुलूप उघडताना, हात मिळवताना. म्हणून तर त्या बोर्डाचा लाल ठिपका इतकी वर्षं जवळजवळ कोरा राहिला होता. आता आत्याला एवढंच करायचं होतं, डार्ट सुटल्यावर हात पुढेच राहू द्यायचा. बोटं ठिपक्याकडे, तळवा मोकळा. ऐकायला काहीच नाही. पण तिचा हात ऐकेना. तो आपोआप मागे यायचा, तिच्या कपाळावर घाम यायचा. समोर बोर्ड होता, दार होतं, दारावर वहिनीचा टॉवेल होता. तरी हात पुढे राहिला की तिला वर काहीतरी रुंद आणि थंड टांगलेलं जाणवायचं.

पोपटने मग मालकांचा आवाज काढला. “ठेवा, बाई. ठेवा हात. बघू... बघू... बघू...”

आत्याला हसू फुटलं, आणि त्या हसण्याच्या भरात हात पुढेच राहिला.

डार्ट लाल ठिपक्यात घुसला. ठप्प.

“आई गं!” आत्या ओरडली आणि तिने उजवा हात तोंडाशी नेला. काही टोचलं की आपण बोट चोखतो ना, तसंच. फक्त तिचे ओठ कशावरच मिटले नव्हते. अंगठा आणि मधलं बोट यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर मिटले होते.

“काय झालं?”

“टोचलं.”

“काय?”

“बोट.”

“कुठलं?”

आत्याने हात डोळ्यांसमोर धरला. “ते,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. गेलेला अवयव कधी खाजतो, कधी दुखतो, घाबरायचं कारण नाही, शिरांना आठवण असते. खाजेची तिला सवय झाली होती. पण हे टोचणं वेगळं होतं. डार्ट खाली गेला तर काही नाही. डावीकडे गेला, काही नाही. लाल ठिपक्यात गेला की टोकाला सुई टोचल्यासारखं. आत्याने डोळे मिटून फेकून बघितलं. टोचलं. डोळे उघडले, डार्ट ठिपक्यात. पुन्हा डोळे मिटले, फेकला, वाट बघितली. काही नाही. डार्ट बोटभर बाजूला.

दुसरी कुणी असती तर बोर्ड अंगणात फेकून दिला असता. आत्याने त्याची मोजपट्टी केली. कुठली फेक बरोबर हे सांगायला आता तिच्याकडे कुणालाच नसलेली खूण होती. टोचलं की ती त्याच जागी हात तसाच धरून ठेवायची, कोपर कुठे आहे, खांदा कसा आहे, श्वास आत की बाहेर, सगळं मनात पक्कं करायची आणि पुढची फेक हुबेहूब तशीच. ठिपक्यात जाणारे डार्ट वाढत गेले. आणि तिचं मधूनमधून ‘स्स’ करणंही. वहिनी स्वयंपाकघरातून विचारायची, “ताई, चहा फार गरम आहे का?”

एका दुपारी आत्या कामावर असताना पोपट एकटीच घरी होती. तिने आत्यासारखं उभं राहून डार्ट फेकला, आणि कसा कोण जाणे, तो थेट लाल ठिपक्यात. तिने खोलीभर नाच केला. मग डार्ट काढून जागेवर ठेवला. मोठ्यांच्या वस्तूला हात लावला म्हणून बोलणी नकोत.

संध्याकाळी आत्या आली, चपला काढता काढता म्हणाली, “दुपारी खेळलीस ना? मधोमध लागला तुझा.”

पोपट चपापली. “आईने सांगितलं?”

“मी काय सांगणार?” वहिनी आतून म्हणाली. “मी तर दुपारभर बाजारात होते.”

आत्या हात धुवायला गेली. पोपटने त्यानंतर बोर्डाला हात लावला नाही. दाराजवळून जाताना तिने एकदा लाल ठिपका नीट बघितला. एवढे डार्ट खाऊनही तो गुळगुळीत होता. भोकाचा मागमूस नाही.

मग आत्याने मालकांना सांगितलं, “उद्या जेवणाच्या सुट्टीत.” 

पोपट शाळा बुडवून बोर्ड काखेत घेऊन बरोबर गेली. बोर्ड त्याच जुन्या खिळ्यावर चढला. सगळे भिंतीला टेकून उभे. मालक कपातला चहा ढवळत, फोरमन सगळ्यात पुढे.

“बाई, मोजायला मी आहे हां. एकही रेघेला चिकटलेला चालणार नाही. काय म्हणतो मी?”

“तुमची मोजणी तुमच्या कटिंगसारखी नसली म्हणजे झालं,” आत्या म्हणाली. सगळे हसले. फोरमनही हसला, पण कमी.

आत्याने पाऊल टेकवलं. कोपर जागेवर आलं. डार्ट सुटला आणि तिचा हात तसाच पुढे राहिला, उघडा. हात मागे न आलेला बघून चिकटवाल्या काकाने स्वतःचा हात दचकून पोटाशी ओढला. ठप्प. लाल.

दुसरा. आता फोरमन हसत नव्हता. तो बोर्डाकडे बघत नव्हता, आत्याच्या तोंडाकडे बघत होता. तिने ‘स्स’ केलं, आणि त्यानंतर ठप्प ऐकू आलं. आधी ‘स्स’, मग ठप्प. त्याने शेजारच्याचा दंड धरला.

तिसऱ्याला खोली इतकी गप्प की मालकांचा चमचा कपाला लागला तो सगळ्यांना ऐकू गेला. आत्याने हात उचलला, मागे नेला, पुढे आणला. आणि डार्ट तिच्या बोटांतून सुटतो न सुटतो तोच पलीकडच्या खोलीत पातं कोसळलं.

धाड.

खोलीतला प्रत्येक हात मागे गेला. मालकांचा चहा सांडला. सगळे इथेच होते. पलीकडे कुणीही नव्हतं.

धाड. पुन्हा.

आत्याचा हात पुढेच होता. चारही बोटं ठिपक्याकडे, आणि जिथे पाचवं असायचं तिथली हवासुद्धा जणू हलली नव्हती. मग तिने तो हात सावकाश तोंडाशी नेला आणि ओठ मिटले. डार्ट लाल ठिपक्यात, उरलेल्या दोघांना खेटून उभा होता.

सगळे कटिंगच्या खोलीकडे धावले. फोरमन सुट्टीला जाताना बटण बंद करायला विसरला होता. मशीन नुसतं गुरगुरत होतं. त्याच्याखाली ठेवलेला अर्धवट गठ्ठा आपोआप कापला गेला होता आणि कातरण जमिनीवर ओघळत होतं. पेडलला कुणाचा पाय नव्हता.

फोरमनला शेपूट सुचलं नाही. मालकांनी जमिनीवरचं कातरण उचलून बघितलं. त्यांनी ‘बघू’ म्हटलं नाही.

“बटण बंद करा. मेकॅनिकला बोलवा,” ते म्हणाले. मग आत्याकडे न बघता, “हात चुकला नव्हता, बाई. मशीन तुमचं.”

मेकॅनिकने मशीन पूर्ण उघडलं, तेव्हा आत पातं अडवून धरणारी एक खिट्टी झिजून गुळगुळीत झालेली निघाली. कधी धरायची, कधी सोडायची. तिच्या जागी नवी बसली आणि आत्या पुन्हा कटिंगवर उभी राहिली. वह्या सरळ निघायला लागल्या. हे सगळं अगदी समजण्यासारखं आहे. पण नेमकं तिसऱ्या डार्टला का, हे खिट्टीला विचारता येत नाही. म्हणून लोकांनी बोट बोर्डात असल्याची गोष्ट रचली. त्यांना ती सोयीची पडते.

पोपटला मात्र कुठलीच गोष्ट सोयीची पडेना. आत्या बोर्ड परत घरी घेऊन आली, दाराला लावला, आणि एका रविवारी दुपारी पोपटने तिला गाठलं.

“आत्या, मला कळलंय. तुला टोचतबिचत काही नाही. तुला आवाज कळतो. ठिपक्यात पट्टी जास्त घट्ट आहे, तिथे ‘ठप्प’ होतं. बाहेर ‘ठक’. पत्र्याला ‘खट्ट’. मी तिन्ही काढून दाखवते.” आणि तिने दाखवले. हुबेहूब.

“बरं,” आत्या म्हणाली.

“पैज! तू पाठ करून बस, डोळे मीट. ठिपक्यात लागला की सांग. मी फसवलं तर तुझी नक्कल तुझ्यासमोर करणार. बोट चोखतेस त्याच्यासकट.”

“आणि हरलीस तर?”

“तर महिनाभर कुणाची नक्कल नाही.”

“वहिनी ऐका हो!” आत्या ओरडली. “साक्षीला आहात!”

“देव करो आणि हरो!” आतून उत्तर आलं.

आत्या पलंगावर बसली, दाराकडे पाठ, डोळे मिटलेले, हात मांडीवर. पोपट बोर्डापाशी गेली. तिने टाळूला जीभ लावली आणि आवाज काढला. ठप्प. इतका सुरेख, की तिलाच क्षणभर डार्ट दिसला.

“तोंडाने काढलास,” आत्या म्हणाली.

पोपट हसू दाबून थांबली. मग पाय वाजवला, बाही सळसळवली, फेकल्याचा वारा केला. ठप्प!

“तोंडाने. छान काढतेस.”

आता पोपटला चेव आला. तिने श्वास रोखला. डार्ट फेकलाच नाही. दोन बोटांत धरून त्याचं टोक लाल ठिपक्यावर टेकवलं आणि आत दाबायला सुरुवात केली. सावकाश, कापडात सुई जावी तसं, जराही आवाज न करता. थर बाजूला होत होते. खोलीत फक्त घड्याळ होतं.

आत्याचे खांदे वर गेले.

“अगं आई गं... टोचायचं तर पटकन टोच,” ती दातांवर दात दाबून म्हणाली. “असं हळूहळू नको. जास्त दुखतं.”

पोपटचा हात डार्टवर तसाच राहिला. ना पुढे, ना मागे. तिला काहीतरी म्हणायचं होतं, मालकांच्या आवाजात, फोरमनच्या, कुणाच्याही. एकही आवाज येईना.

“महिना आजपासून,” आत्या म्हणाली. तिने अजून मागे वळून बघितलं नव्हतं. “आता काढ तो. सरळ ओढ. पिळू नकोस.”

पोपटने सरळ ओढला. आत्याने श्वास सोडला, आणि बोर्डावरचं भोक मिटलं.